न दिसलेली चढाई

"जनरेटर न्यायला आलोय," तो माणूस म्हणाला आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यानं ट्रॅक्टर मागं घ्यायला सांगितलं.

"आज? अहो, संध्याकाळी फायनल आहे."

"ते मला काय माहीत, ताई? शेठनी ट्रॅक्टर दिला आणि धाडलं. करार संपला म्हणाले."

मिरजेत मार्केट यार्डाच्या मागच्या मैदानावर कबड्डी लीगचा शेवटचा सामना होता. मी आमच्या ओबी व्हॅनच्या दारात उभी होते. ओबी व्हॅन म्हणजे चाकांवरचा स्टुडिओच. मैदानातल्या सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं आतल्या पडद्यांवर येतात, त्यातलं कुठलं लोकांच्या घरात दिसायचं ते दिग्दर्शक ठरवतो आणि टपावरच्या छत्रीतून ते बाहेर जातं. 'पटांगण' या आमच्या लहानशा क्रीडा वाहिनीची दिग्दर्शक मी होते. मेहरुन्निसा मुजावर. सगळे मेहरू म्हणायचे.

मी जनरेटरवाल्या शेठना फोन लावला. लागला, पण उचलला नाही. तोवर त्या माणसांनी केबल सोडवून आमचा जनरेटर ट्रॅक्टरला जोडलासुद्धा. तो हेलकावे खात फाटकातून बाहेर गेला.

आमचा वायरमन विलास कोष्टी डोक्यावरची टोपी काढून उभा होता. "आता एकच करता येईल," तो म्हणाला. "मैदानाच्या मोठ्या जनरेटरवरनं व्हॅनला लाइन ओढतो. दिवे, गॅलऱ्या, स्कोअरबोर्ड, सगळं त्याच्यावरच आहे. लोड झेपेल त्याला."

"मग ओढ की."

"ओढतो. पण मॅडम, ती मशीन इंगवल्यांची आहे."

मी त्याच्याबरोबर केबल उलगडायला लागले. दुसरा रस्ता नव्हता.

इंगवले म्हणजे सयाजीराव इंगवले. आमच्या वाहिनीचे निम्मे मालक. उरलेला निम्मा हिस्सा कांचनवहिनींचा. वाहिनी मुळात वहिनींच्या नवऱ्यानं, भूपालदादा मगदुमांनी काढली. दादा एकेकाळचे नावाजलेले चढाईपटू. आपल्या भागातली कबड्डी, कुस्ती, बैलांच्या शर्यती लोकांना घरबसल्या दिसाव्यात, हे त्यांचं वेड. इंगवल्यांनी भांडवल घातलं, पुढं कर्जही दिलं. पुढं लीग सुरू झाली तेव्हा वाहिनीच्याच नावावर दादांनी 'कृष्णाकाठ' हा संघ घेतला. गावोगाव हिंडून पोरं गोळा केली, घरी ठेवून घेतली, वहिनींनी त्यांना रांधून घातलं. मग एका सकाळी सराव घेता घेता दादा मैदानावरच बसले ते उठलेच नाहीत.

त्यानंतर संघ कुणाचा, यावरून भांडण लागलं. इंगवले म्हणत, माझं कर्ज आहे वाहिनीवर आणि संघ त्याला तारण आहे. वहिनी म्हणत, संघ दादांचा. शेवटी लवादासमोर तडजोड झाली. हंगामातला प्रत्येक सामना थेट आणि अखंड दाखवायचा. तसं झालं की जाहिरातदार ठरलेली रक्कम देणार, त्यातून इंगवल्यांचं कर्ज फिटणार आणि संघ वहिनींकडं राहणार. मात्र एक जरी सामना मध्ये तुटला, तरी संघ इंगवल्यांचा. इंगवले तो लांबच्या एका बिल्डरला विकणार, नाव बदलणार, पोरांना पांगवणार, हे उघड गुपित होतं.

आतापर्यंतचे सगळे सामने आम्ही दाखवले होते. हा शेवटचा.

वहिनी चार वाजता आल्या. कॉटनची इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, जणू बँकेत निघाल्यात. व्हॅनच्या मागं जनरेटरच्या जागी तेलाचा डाग तेवढा उरला होता. त्याच्याकडं त्या बघत राहिल्या.

"नेला?"

"हो. मैदानावरून लाइन घेतलीय, वहिनी."

"म्हणजे त्यांच्याकडून."

"सामना निघेल. मी आहे ना."

वहिनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू आहेस म्हणूनच मी गॅलरीत जाऊन बसणार आहे. नाहीतर इथंच उभी राहिले असते." आणि त्या बायकांच्या गॅलरीकडं गेल्या.

ती गॅलरी मला सकाळपासून खुपत होती. लोखंडी पाइप, त्यावर फळ्या, मागं गोदामाची भिंत. उतरायला एकच जिना, तोही अरुंद. संयोजकांना मी बोलले होते. ते म्हणाले होते, दरवर्षी असाच असतो.

उन्हं उतरायला लागली तेव्हा इंगवले स्वतः आले. व्हॅनच्या पायरीशी त्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, "असू द्या, आबासाहेब." ते म्हणाले, "नको. जिथं माणूस पोट भरतो तिथं चपला घालून येऊ नये." पांढरे कपडे, हातात काही नाही, आवाज मऊ. माझी सहायक अमृता उठून उभी राहिली. तिला त्यांनी हातानंच बस म्हटलं आणि पडद्यांच्या रांगेकडं बघत राहिले.

"एवढं सगळं दिसतं होय तुम्हाला इथनं?"

"हो."

"सगळं दिसणाऱ्या माणसाला झोप लागते का हो, मॅडम?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"तुमचा भाऊ आपल्या कारखान्यात लॅबला आहे ना? इरफान. चांगला मुलगा. त्याला कायम करा म्हणून परवाच सांगितलं मी." मग जाता जाता, चपला घालताना, "माझ्या मशीनवरनं लाइट घेतलीय म्हणं तुम्ही. घ्या, घ्या. माणूस बसवलाय तिथं मी. काळजी करू नका."

ते गेल्यावर अमृता म्हणाली, "किती चांगले बोलतात ना?"

मला मात्र गार वाटत होतं. एसीचं असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

सामना सुरू झाला तेव्हा दोन्ही गॅलऱ्या ओसंडत होत्या. बायकांच्या गॅलरीत आसपासच्या शाळा-कॉलेजांच्या मुली पाहुण्या म्हणून बोलावलेल्या, त्यांचे गणवेश, त्यांच्या किंकाळ्या. समोर सोलापूरकडचा तगडा संघ. आमचा कर्णधार बाजीराव लवटे पहिल्याच चढाईत दोघांना बाद करून परतला आणि फळ्या अशा दणाणल्या की एका कॅमेऱ्याचं चित्र हललं.

मध्यंतर झालं तेव्हा 'कृष्णाकाठ' पुढं होता. मला मान्यवरांचे खुललेले चेहरे हवे होते. मी हेडफोनवरून कॅमेरामनला म्हटलं, "अवधूत, सोफ्यांकडं ने जरा."

"मॅडम, तिथं कुणी नाही."

"चहाला गेले असतील."

"नाही. आबासाहेब, त्यांच्या सूनबाई, नातवंडं, पुतणे, सगळी उठून गेली. आताच."

त्यानं कॅमेरा तिकडं वळवला. पांढऱ्या खोळी घातलेले सोफे, समोर न फोडलेल्या पाण्याच्या बाटल्या. मी म्हटलं, "फाटकाकडं ने." फाटकाबाहेर त्यांच्या गाड्या रस्त्याकडं तोंड करून उभ्या होत्या. सूनबाई धाकट्या नातवाला उचलून घाईघाईनं गाडीत बसवत होत्या. पोरगं रडत होतं, मैदानाकडं हात करत होतं. त्याला सामना बघायचा होता.

आपला संघ जिंकत असताना पोराला ओढून कोण नेतं?

मी पडद्यांवर बायकांची गॅलरी घेतली. मग तो जिना. मग जनरेटर. जनरेटरपाशी चौघे होते. त्यातला एकजण खुर्ची टाकून, मैदानाकडं पाठ करून, मशीनकडं तोंड करून बसला होता.

"अमृता, जाहिराती लाव. मी आले."

मी जवळजवळ पळतच तिथं गेले. खुर्चीतल्या माणसाला मी ओळखत होते, म्हाळू खोत. इंगवल्यांच्या गाडीत पुढं बसणारा.

"मॅच बघत नाही का, म्हाळूभाऊ?"

"आम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"मग इथं काय करताय?"

तो माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही व्हॅनमध्ये जाऊन बसा. व्हॅन लोखंडाची हाय. व्हॅनला काय हुत न्हाई."

"कशानं होत नाही?"

त्यानं मशीनकडं बघितलं.

"दिवे घालवणार आहात का तुम्ही?"

"मशीन हाय. मशीन बंद पडती कधी कधी. शेवटाला लई तापती."

"आणि ती गॅलरी? पोरी आहेत तिथं. अंधार झाला की सगळ्या त्या एका जिन्याकडं धावतील."

"मोबाइल असत्यात की सगळ्यांकडं. बॅटऱ्या लावतील." त्यानं दुसरीकडं तोंड फिरवलं. इतर तिघे खुर्चीच्या जवळ सरकले, माझ्या आणि मशीनच्या मधे.

बंदोबस्ताच्या फौजदारांना मी फाटकाशी गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, मशीन त्यांची, माणूस त्यांचा. त्यानं अजून काही केलेलं नाही. तापते म्हणाला एवढंच ना? यावर मी त्याला कुठल्या कारणानं उठवू?" त्यांचं तरी काय चुकलं? मी सामना थांबवून गॅलरी रिकामी करायला सांगू लागले, तर ते म्हणाले, "एवढ्या गर्दीत माइकवरून असं काही बोललात तर जे टाळायचंय तेच होईल." तेही खरं होतं.

मी व्हॅनमध्ये परतले तेव्हा दुसरा डाव सुरू झाला होता. अमृताला म्हटलं, "पळ. वहिनींना गाठ. म्हणावं, असाल तशा उतरा आणि व्हॅनमध्ये या." ती गेली. मी वहिनींना फोन लावत राहिले. पडद्यावर त्या मला दिसत होत्या, वरच्या रांगेत, दोन्ही हात छातीशी धरून. बाजूच्या मुली उड्या मारत होत्या. त्या गोंगाटात फोनची रिंग कुणाला ऐकू येणार? अमृता जिन्याच्या पायथ्याशी अडकलेली दिसली. तिला कुणी वर जाऊ देईना. जिन्यावरसुद्धा पायरी पायरीवर बायका बसलेल्या होत्या.

सामन्याचं घड्याळ शून्याकडं उतरत होतं. म्हाळू खोत खुर्चीतून उठला आणि मशीनचं पत्र्याचं दार उघडून उभा राहिला.

मी इंगवल्यांना फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला, मॅडम."

"आबासाहेब, तुम्हाला प्रक्षेपण बंद हवंय. दिवे नकोत."

"काय बोलताय तुम्ही? मी घरी निघालोय. शुगर वाढलीय जरा."

"ऐका फक्त. मशीन बंद पडली तर उद्या वहिनी लवादाला सांगतील की मशीन तुमची होती, माणूस तुमचा होता. भांडण वर्षानुवर्षं चालेल. पण व्हॅनच बंद पडली तर दोष वाहिनीचा. माझा. तुमच्याकडं कुणी बोट दाखवणार नाही."

पलीकडं गाडीच्या इंजिनचा आवाज येत होता. लहान पोर अजून रडत होतं.

"तुम्ही हुशार आहात," इंगवले म्हणाले.

"म्हाळूला तिथून उठवा. चौघांनाही फाटकाबाहेर काढा. मला इथून दिसतंय. ते बाहेर गेले की मी बंद करते."

"आणि परत लावायचं नाही."

"नाही लावत."

"मी काही बोललेलो नाही, मॅडम. तुम्हीच बोलताय सगळं."

"हो. मीच बोलतेय."

फोन बंद झाला. मी पडद्याकडं बघत राहिले. म्हाळूचा हात मशीनच्या दारावरच होता. मैदानात लवटे चढाईच्या तयारीत मांडी थोपटत होता. गुण बरोबरीला आले होते. गॅलरी उभी राहिली होती. मला वाटलं, इंगवल्यांनी फोन केलाच नाही. मला वाटलं, केला आणि उलटंच सांगितलं.

मग म्हाळूनं खिशातून फोन काढला. कानाला लावला. ऐकलं. पत्र्याचं दार लावलं, खुर्ची घडी करून काखेत मारली आणि तिघांना घेऊन चालू लागला. फाटकाबाहेर जाऊन तो वळला आणि थांबला. वाट बघत असल्यासारखा.

मी प्रक्षेपण बंद केलं.

बटण दाबल्यावर काहीसुद्धा झालं नाही. म्हणजे माझ्यासमोर काही झालं नाही. सगळे पडदे तसेच उजळलेले होते, कारण कॅमेरे चालूच होते. बाहेर जाणारं चित्र तेवढं काळं पडलं. लगेच सांगलीच्या स्टुडिओतून फोन आला. "मॅडम, चित्र गेलं! मॅडम, काय झालं?" मी म्हटलं, "बघते." आणि फोन पालथा ठेवला. तो टेबलावर थरथरत सरकत राहिला.

शेवटची चढाई लवट्यानं केली. तिघांनी त्याला पकडलं होतं. एकजण पायाला, एकजण कमरेला, एकजण पाठीवर. तो त्या तिघांना घेऊन इंच इंच रांगत आला आणि बोटाचं टोक मधल्या रेषेला लागलं. 'कृष्णाकाठ' जिंकला. आमच्या अख्ख्या मुलखातल्या घरांत त्या वेळी काळा पडदा होता. मैदानात नसलेल्यांपैकी ती चढाई पाहिली ती फक्त मी.

रेकॉर्डिंग चालू आहे का, हेही मी पाहिलं नाही. मी जिन्याकडं बघत होते. बायका उतरत होत्या. हसत, ढकलाढकली करत, एकमेकींची ओढणी धरून. एका मुलीची चप्पल फळीत अडकली, तिनं खाली वाकून ती काढली, मागच्या थांबल्या. भगभगीत उजेड होता. एक म्हातारी मधेच पायरीवर बसून दम खात होती आणि कुणीतरी तिला पाणी देत होतं. अशी गॅलरी रिकामी होताना मी पूर्वी कितीदा पाहिली असेल. त्या दिवशी शेवटची बाई उतरेपर्यंत मी बघितलं.

वहिनी व्हॅनमध्ये आल्या तेव्हा त्यांच्या हातात विजेत्यांचा हार होता. लवट्यानं त्यांच्या हातात दिलेला असणार. मागं अमृता होती, रडवेली. वहिनींनी तिला बाहेर थांबायला सांगून दार लावलं.

"स्टुडिओतून फोन आला मला. चित्र इथून बंद झालं म्हणतात. बिघाड नव्हता म्हणतात."

"बिघाड नव्हता. मी बंद केलं."

त्या खाली बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. सोफे, गाड्या, म्हाळू, फौजदार, फोन. त्यांनी मला मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं बोलणं संपल्यावर त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मैदान लख्ख उजळलेलं होतं. पोरं लवट्याला खांद्यावर घेऊन नाचत होती.

"दिवे तर गेलेच नाहीत, मेहरू," त्या म्हणाल्या.

"मी बंद केलं म्हणून नाही गेले, वहिनी."

"इंगवल्यांची शुगर वाढली होती. तसा निरोप आला होता मला गॅलरीत, मध्यंतरातच, चिठ्ठीवर." त्यांनी हार मांडीवर घेतला. "ते असं करतील? इतक्या पोरी आत असताना? वाईट आहेत, पण इतके?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही, आणि तू दादांचा संघ देऊन टाकलास."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या हार टेबलावर ठेवून, पर्स खांद्याला लावून, सावकाश पायऱ्या उतरून गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात इरफान कारखान्यात कायम झाला. कुणी मागितलं नव्हतं. पेढे घेऊन इंगवल्यांचा माणूस आमच्या दारात आला, सगळ्या गल्लीदेखत. तेव्हा मला कळलं की त्यांनी माझ्या तोंडाला कायमचं कुलूप घातलंय. इरफाननं ती नोकरी सोडली, पण लोकांच्या लक्षात राहिले ते पेढे.

संघ विकला गेला. बिल्डरनं त्याचं नाव बदललं, दोन हंगामांनी तोही कंटाळला. लवटे सैन्यभरतीच्या पोरांचा सराव घेतो, असं ऐकलं. वाहिनी वर्षभरात बंद पडली. म्हाळू खोत एकदा मला बसस्टँडवर दिसला. मी त्याच्याकडं चालत गेले. मला एवढंच विचारायचं होतं, तुम्ही खरंच बंद केली असती का हो मशीन? त्यानं मला ओळखलं आणि गर्दीत शिरला.

मी कोल्हापूरला आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. इथं कॉलेजांसाठी व्याख्यानांची रेकॉर्डिंग करते.

मागच्या महिन्यात दाढ दुखायला लागली म्हणून दाताच्या डॉक्टरकडं गेले. तरुण मुलगी, बोलकी. नाव वाचून ती थबकली. मग माझ्या तोंडात आरसा घालता घालता म्हणाली, "मुजावर म्हणजे त्या पटांगण वाहिनीच्या का? मी होते त्या फायनलला. आम्हा शाळेच्या मुलींना नेलं होतं. वरच्या रांगेत बसलो होतो आम्ही."

माझ्या गालात कापूस होता.

"माझे बाबा घरी टीव्हीवर बघत होते. शेवट दिसलाच नाही त्यांना. अजून चिडतात. म्हणतात, त्या बाईनं पैसे खाल्ले." मग तिला आपण काय बोललो ते लक्षात आलं असावं. ती ओशाळून म्हणाली, "सॉरी हं, मॅडम. लोक काहीही बोलतात."

तिनं कापूस काढला. मी चूळ भरली. रुमालानं तोंड पुसलं. ती खाली मान घालून गोळ्या लिहीत होती.

"त्या दिवशी घरी नीट पोचलात ना तुम्ही सगळ्या?" मी विचारलं.

तिनं मान वर केली. प्रश्न तिला कळला नाही.

"हो," ती म्हणाली. "नीट पोचलो की. का?"